एका काठाचा खण

"आधी हळद, मग कुंकू," आत्याबाई म्हणाल्या. "उलटं करू नगंस. आन् तिचं तोंड धर, न्हाईतर खोबरं आत्ताच खाईल."

मी खारकीचं तोंड धरलं. ती पुढचे पाय जुळवून एखाद्या सवाष्णीसारखी शहाणपणानं बसली होती. कपाळावर हळद लावली तशी तिनं डोळे मिटले. कुंकू लावलं तशी शेपूट दोनदा जमिनीवर आपटली. खोबरं मात्र तिनं ओटी भरून व्हायच्या आतच खाल्लं. ते दरवेळी प्रत्येकीनं खाल्लं होतं.

कुत्रीची ओटी भरतात म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. आमच्या घरात ती रीत होती आणि ती आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाडली होती. विट्याच्या अलीकडं आमची शेड होती. आधी तिच्यात अंड्याच्या कोंबड्या होत्या. एका वर्षी रोग आला, पक्षी पुरून टाकावे लागले, आणि रिकाम्या पिंजऱ्यांकडं बघत बसण्यापेक्षा मालकांनी त्यात लॅब्राडोर कुत्र्या आणून ठेवल्या. पिल्लं विकायची. मालक म्हणजे माझे यजमान, शहाजी. माणूस कष्टाळू, पण डोक्यात कोंबडीच. पिल्लांच्या वेतालाही ते 'बॅच' म्हणायचे.

कुत्री म्हातारी झाली, पिल्लं द्यायची थांबली, की मालक तिला टेम्पोत घालून कुणा पाटलांच्या मळ्यावर सोडून यायचे. तिथं आंब्याची बाग आहे, म्हाताऱ्या कुत्र्या दिवसभर सावलीला लोळतात, असं ते सांगत. आमच्या घरात त्याला 'माहेरी गेली' असं म्हणत. बर्फी माहेरी गेली. चिमी माहेरी गेली. आत्याबाईंचं म्हणणं एवढंच, की जिनं या घरात बाळंतपणं काढली तिला रिकाम्या गळ्यानं लावून द्यायची नाही. म्हणून हळदकुंकू, मूठभर तांदूळ, खोबऱ्याचा तुकडा, आणि गळ्यात खण.

तो खणही साधा नव्हता. आत्याबाईंच्या भावाचे विट्यात माग होते. एकदा हिरव्या खणाचं सगळं कापड चुकलं. एका बाजूला लाल काठ उतरला आणि दुसरी बाजू कोरी राहिली. असला खण बाईमाणसाला दिला तर तो अपमान. भाऊ फेकून देणार होता, तो गठ्ठा आत्याबाईंनी डोक्यावर घेऊन घरी आणला आणि माझ्या पलंगाखाली सारला. म्हणाल्या, "कुत्रीला चालतोय. ती कुठं काठ बघणार हाय?"

आता तो एका काठाचा खण खारकीच्या गळ्यात होता, आणि माझा जीव मात्र जागेवर नव्हता.

कारण त्या दिवशी आमच्याकडं तपासणी होती. कुत्री पाळून पिल्लं विकणाऱ्यांसाठी कायदा आला होता. नोंदणी पाहिजे, नाहीतर धंदा बंद. आदल्या दिवशी संध्याकाळी मालक पिंजऱ्यांच्या जाळीवर फळ्या ठोकत होते आणि मी त्यांना नियम वाचून दाखवत होते. जाळीवर कुत्री ठेवायची नाही. पिल्लू आईपासून लवकर तोडायचं नाही. कुत्री फार लहान नको, म्हातारी नको. वर्षातून एकदाच वेत, आणि जन्मात पाचच्या वर नाही.

"पाच?" उंबऱ्यावर बसलेल्या आत्याबाईंनी विचारलं. "मला आठ झाली. तवा कुठं गेलता ह्यो कायदा?"

मालक खो खो हसले. मला हसू आलं नाही. मला दोन मुली, आणि त्या दोघींच्या मध्ये दोन गेलेली. धाकटीच्या बारशालाच आत्याबाईंनी विचारलं होतं, "आता पुन्यांदा कवा?" त्याचा राग मी तोवर सोडला नव्हता.

खारीक पाचच्या कधीच पुढं गेली होती. शेवटच्या वेताला तिची निम्मी पिल्लं मेलेली निघाली. पोट लोंबत होतं, मागचा एक पाय ती फरफटत टाकायची. पण माझी चाहूल लागली की पिंजऱ्यात उठून उभी राहायची. तिच्या रंगावरून तिला खारीक म्हणायला मीच सुरुवात केली होती. मालकांनी टीव्हीतलं कुठलंतरी नाव ठेवलं होतं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

"हिला तपासणीच्या डॉक्टरणीनं बघितली तर सगळं बोंबललं," मालक म्हणाले. "सकाळी लवकर सोडून येतो."

"कुठं?"

"मळ्यावर. दुसरं कुठं?"

"कुठल्या गावाला आहे हो मळा?"

"तासगावकडं."

"बर्फीच्या वेळी कडेपूर म्हणाला होतात. पाटील काय मळा डोक्यावर घेऊन फिरतात?"

त्यांनी खिळा तोंडात धरला होता. तो काढून हातोडीनं ठोकला आणि मग म्हणाले, "डोकं खाऊ नकोस, वैजू."

म्हणून सकाळी ओटी भरताना मी पुन्हा विषय काढला. "मीही येते टेम्पोत. बर्फीला बघून येईन म्हणते."

"तपासणी आहे. घरात कोण?"

"अकराला आहे तपासणी. तोवर येऊ की."

"एकदा नाही म्हटलं ना."

ते खारकीला उचलून टेम्पोत ठेवायला गेले. टेम्पो शेडच्या बाजूला चिंचेखाली उभा होता. ती काही एक न करता त्यांच्या हातात लोंबत राहिली, आणि मान वळवून माझ्याकडं बघत होती. मी चुलीकडं गेले, तिथून न्हाणीकडं, परत अंगणात. हातात कळशी होती आणि ती कुठं ठेवायची ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

मालकांनी टेम्पोवर ताडपत्री ओढली, दोरी एका कडीला गुंडाळली आणि हात पुसत पुढं झाले. जीपमधून एक पस्तिशीची बाई उतरली. सुती पंजाबी ड्रेस, पायात बूट, खांद्यावर पिशवी. "मी डॉक्टर मगदूम," ती म्हणाली. "मधलं एक ठिकाण रद्द झालं, म्हणून लवकर आले. चालेल ना?"

"चालेल की," मालक म्हणाले. "आपलंच घर आहे."

डॉक्टरीणबाई शेडमध्ये शिरल्या आणि मी कळशी घेऊन मागं. त्यांनी प्रत्येक कुत्रीचे डोळे पाहिले, कान पाहिले, पोटाखालून हात फिरवला. वाकून फळीवर टकटक केलं. "नवीन दिसतात."

"होय, कालच," मालक बोलून गेले. "म्हणजे, बदलल्या. जुन्या होत्या त्या."

बाई ओठाच्या कोपऱ्यात हसल्या. बाकीची उत्तरं मालकांनी रात्रभर पाठ केल्यासारखी दिली. पाणी किती वेळा, बाहेर मोकळं कधी सोडता, पिल्लं आईजवळ किती दिवस. बाई मान हलवत गेल्या. मला वाटलं, सुटलो आपण. खरंच तसं वाटलं. धंदा चालला तर थोरलीची शाळा सुटणार नव्हती, शेडवर काढलेलं कर्ज फिटणार होतं. मग नजर चिंचेकडं गेली.

शेवटच्या पिंजऱ्यापाशी बाई एका कुत्रीचा पट्टा सैल करत होत्या. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "या भागात कुत्र्याच्या गळ्यात खण बांधतात का हो?"

"खण?" मालक म्हणाले. "छे. पट्टाच बांधतो की आम्ही."

"मी सगळीकडं विचारते. भिवघाटाच्या वळणावर आमच्या प्राणीसंस्थेच्या लोकांना कुत्र्या सापडतात. लॅब्राडोर. म्हाताऱ्या, आचळं ओघळलेल्या. एक गाडीखाली गेलेली होती. पांढरी होती ती. दुसरी सापडली तेव्हा जिवंत होती, पण सोडलेल्या जागेवरून हललीच नव्हती. कुणीतरी न्यायला येईल म्हणून बसून राहिली असावी. उपासानं गेली. दोघींच्या गळ्यात हिरवा खण, एकाच बाजूला काठ असलेला." बाई उठून उभ्या राहिल्या. "मला कळतच नाही. टाकून द्यायचं तर ओटी कशाला भरायची? आणि ओटी भरायची तर टाकून का द्यायचं?"

पांढरी म्हणजे बर्फी. आणि बसून राहिलेली चिमी. चिमीला 'बस' म्हटलं की 'ऊठ' म्हणेपर्यंत ती उठत नसे, मीच शिकवलं होतं तिला. कळशीतलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं आणि मालक माझ्याकडं बघत होते.

बाई हात धुवायला नळावर गेल्या तसे ते माझ्याजवळ आले.

"मळा?" मी विचारलं.

"नाही मळा." ते हळू आवाजात बोलत होते. "पहिल्यांदा एक जण ठेवून घेतो म्हणाला होता. गाडी दारात गेल्यावर नको म्हणाला. मग मी काय करायचं? घरी आणून कापायची?"

"घरी आणून ठेवायची."

"आणि खायला? वैजू, आज तू तोंड उघडलंस तर उद्या चूल बंद. पोरींकडं बघ. तुझ्या पाया पडतो."

ते खरंच वाकले असते. मी बाजूला झाले. त्यांचा रागही येत होता आणि कीवही. या माणसाला मी कोंबड्या पुरताना रडताना पाहिलं होतं.

अंगणात आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना बाजेवर बसवून घेतलं होतं. चहा दिला. कुठल्या, काय, माहेर कुठलं, सगळं विचारून झालं. बाई कागदावर खुणा करत बोलत होत्या. "तशी व्यवस्था बरी आहे," मालकांना म्हणाल्या. "एकदोन सुधारणा सांगते, त्या करा. मी शिफारस पाठवते."

मालकांनी मोठा श्वास सोडला. मी चिंचेकडं पाहिलं. सावली सरकली होती. टेम्पोवर आता नुसतं ऊन होतं आणि त्या ताडपत्रीखाली खारीक. मी मनात म्हणत होते, ओरड गं बाई. एकदा ओरड. ती ओरडली असती तर मला काहीच करावं लागलं नसतं. पण ती गुणाची कुत्री. आत घातल्यावर गप बसायचं, एवढंच तिला जन्मभर शिकवलं होतं.

"निघते आजी," बाई उठल्या.

"अशी कशी निघतीस? पयल्यांदा आलीयास, लेकीसारखी. रिकामी जाऊ नगंस." आत्याबाई उठल्या. मग त्यांनी बाईंचा गळा निरखून पाहिला. "लगीन झालंय न्हवं? गळ्यात काय दिसंना."

"झालंय, आजी. जनावरं ओढतात म्हणून घालत नाही."

"आई, त्या साहेब आहेत," मालक म्हणाले. "असलं नको."

"साब आसली तर काय, बाईच हाय की. वैजयंता, कपाटातला चांगला खण आण."

"गुलाबी आण," मालक माझ्या पाठीमागून म्हणाले. "वरच्या फळीवरचा."

मी घरात गेले. कपाट उघडलं. गुलाबी खण वरच होता, दोन्ही काठांचा, माझ्या भावानं दिवाळीला दिलेला. मी तो हातात घेतला. बाहेर आत्याबाई बाईंना पाटावर बसवत होत्या, बाई हसत होत्या. मला थोरलीचं दप्तर दिसलं, खुंटीला अडकवलेलं. ते बघून मी पलंगावर बसले आणि रडू येतंय का बघितलं. येत नव्हतं. मग मी गुलाबी खण परत ठेवला, वाकले आणि पलंगाखालचा गठ्ठा ओढला.

काठाची बाजू वर करून खणाची घडी घातली. तांदूळ, नारळ सगळं ताटात नीट मांडलं आणि बाहेर आले. मालकांनी नुसता हिरवा रंग पाहिला आणि ते बाजेवर बसले.  बोलले असते तर त्यांनाच सांगावं लागलं असतं, हा का नको ते.

आत्याबाईंनी हळदकुंकू लावलं. नारळ आणि तांदूळ बाईंच्या ओढणीत घातले. मग खण उचलला. मागवाल्यांची लेक ती, कापड हातात आलं की अंगठा आपोआप कडेवरून फिरायचा. एका बाजूनं फिरला. दुसऱ्या बाजूला गेला आणि थांबला.

"अगं ये येडे," त्या माझ्यावर कावल्या. "ह्यो कुत्र्यांचा खण न्हवं का? बाईमाणसाला दितीस?"

 डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंच्या हातातून खण घेतला आणि पूर्ण उलगडला. एक काठ पाहिला. कोरी बाजू पाहिली. 

"आजी, कुत्र्यांचा म्हणजे?"

आणि आत्याबाई कौतुकानं सांगायला लागल्या. "आमच्यात रीत हाय, बाई. कुत्री म्हातारी झाली की माझा ल्योक तिला माहेरी पोचवतो. चांगला बागंतला मळा हाय. मी मोकळ्या गळ्यानं पाठवत न्हाई कुणाला. बर्फीला बांधला, चिमीला बांधला. आज खारकीला बांधलाय. ती काय टेम्पोत बसलीया बघा."

बाईंनी ओटी पाटावर ठेवली आणि खण खांद्यावर टाकून त्या टेम्पोकडं चालत गेल्या. मी त्यांच्या पुढं पळाले. ताडपत्री ओढली तर आतून तव्यासारखी झळ आली. खारीक कुशीवर पडली होती, जीभ बाहेर, खण लाळेनं भिजलेला. मला पाहून तिनं मान उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. शेपूट मात्र पत्र्यावर आपटली. मी नळावरची कळशी आणून तिच्या अंगावर ओतली, ओंजळीनं तोंडात पाणी घातलं. बाईंनी तिच्या पोटाला हात लावला आणि पिशवीतून सुई काढली.

आत्याबाई काठी टेकत मागून आल्या. "काय झालं? उन्हात कशापायी ठेवलीया? माहेरी जायाची हाय ती."

बाईंनी काम थांबवलं नाही. सुई टोचता टोचता त्यांनी आत्याबाईंना घाटातलं सगळं सांगितलं. गाडीखाली गेलेली, बसून राहिलेली, गळ्यातले खण. हळू आवाजात, आजारी माणसाला सांगावं तसं. आत्याबाई ऐकत राहिल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण त्या दिवशी त्यांनी एकदाही 'काय?' म्हणून विचारलं नाही.

मग त्या वळल्या. मालक चार पावलांवर उभे होते.

"शहाजी, मळा कुठं हाय?"

"आई, तू आत जा."

"मी वटी भरून लावून दिल्या त्या. माझ्या हातानं. मळा कुठं हाय म्हंते मी."

"अगं, म्हाताऱ्या झालेल्या त्या," मालक म्हणाले. तोंड लाल झालं होतं. "किती दिवस बसवून खायला घालायचं? जलमभर पोसायची म्हातारी कुत्री? आता उपयोग काय तिचा?"

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. तो हिरवा खण अजून बाईंच्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला आणि घडी घालायला लागल्या. घडी नीट बसेना.

"आन् माझा रं?" त्या म्हणाल्या.

मालकांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी तो खण तसाच कमरेला खोचला. त्या टेम्पोच्या फळीला धरून वर चढू लागल्या. या वयात, गुडघे धरलेले. मी खालून हात दिला. वर जाऊन त्या खारकीशेजारी पत्र्यावर बसल्या, तिच्या गळ्यातली गाठ सोडली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

नोंदणी झाली नाही. कुत्र्या संस्थेच्या लोकांनी नेल्या, शेडला कुलूप लागलं. मालक टेम्पोत भाजी घालून बाजार करायला लागले. दोन वर्षं ओढगस्तीची गेली, थोरलीची शाळा बदलावी लागली. माझ्याशी ते कामापुरतंच बोलायचे. 'मुद्दाम आणलास ना तो खण?' असं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणणार होते.

खारीक वाचली. तिला आत्याबाईंनी जाऊ दिलं नाही. पलंगाखालचा उरलेला गठ्ठा त्यांनी बाहेर काढला आणि सगळे खण जोडून तिच्यासाठी वाकळ शिवली. ती वाकळ त्यांच्या बाजेखाली असायची आणि खारीक तिच्यावर. दोघीही एकाच सुरात घोरायच्या.

तपासणी झाली त्याच वर्षी दिवाळीला मी मुलींना घेऊन माहेरी निघाले. दरवर्षी आत्याबाई ओटी भरायच्या आणि "जा, निवांत ऱ्हा" म्हणायच्या. या वेळी त्यांनी कपाटातला गुलाबी खण घेतला. अंगठा एका काठावरून फिरवला, मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पदरात घातला तरी त्यांचा हात सुटेना.

"येते, आत्याबाई," मी म्हटलं. निघताना बायका 'येते'च म्हणतात, त्यात विशेष काही नाही.

त्यांनी मनगट धरूनच ठेवलं. बाजेखालून खारकीनं डोकं बाहेर काढलं होतं.

"पुन्यांदा म्हण," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं, "येते." मग त्यांनी हात सोडला.